डॉक्युमेंटरी शेवटच्या टप्प्यात अडली असेल, तर पैसे कसे उभे करायचे

नाशिकजवळच्या सिन्नरच्या बिडी कामगार बायकांवरची आमची डॉक्युमेंटरी चौदा महिने कपाटात पडून होती. शूटिंग जवळजवळ झालेलं, ७२ तासांचं फुटेज दोन हार्ड डिस्कवर भरलेलं, अडीच तासांचा कच्चा कटही तयार. घोडं अडलं होतं पैशापाशी. त्या काळात जे उमगलं आणि जे चुकलं, ते या वाटेला पहिल्यांदाच लागलेल्यांसाठी पायरीपायरीने लिहितोय. तुमचा विषय येवल्याच्या पैठणी विणकरांचा असो, मालेगावच्या मागांचा असो की १९३० च्या काळाराम मंदिर सत्याग्रहाचा, शेवटच्या टप्प्याचं गणित फारसं बदलत नाही.

सुरुवातीचे पैसे त्या मानाने लवकर जमतात. मित्र कॅमेरा देतो, मेहुणा गाडी देतो, बाकीची पदरमोड आपण करतो. शेवटचे पैसे मागायला गेलात की हीच माणसं विचारतात, "अजून झाली नाही का?" आणि आता ज्यासाठी पैसे हवेत ते डोळ्यांना दिसतही नाही. कॅमेऱ्याचं भाडं काकांना कळतं. साउंड मिक्सिंगला लाखभर रुपये का लागतात हे नाही कळत.

पहिली पायरी: उरलेलं काम एका कागदावर आणा

"आठ-दहा लाख लागतील," असं मी सहा महिने सांगत हिंडलो. कोणी हात सैल सोडला नाही. सोडतील कसे? आठ आणि दहा यांत दोन लाखांचं अंतर आहे, आणि ते मलाच माहीत नाही हे समोरच्याला लगेच कळायचं.

शेवटी आमची एडिटर वैतागली. गंगापूर रोडवरच्या एका टपरीवर तिने वहीचं पान फाडलं आणि मला लिहायला लावलं. उरलेलं संकलन ३० दिवस, दिवसाला ५,००० प्रमाणे १,५०,०००. साउंड डिझाइन आणि मिक्स १,१०,०००. राहून गेलेलं चार दिवसांचं शूटिंग ६०,०००. कलर ६०,०००. संगीत ५०,०००. जुनी छायाचित्रं आणि फुटेज यांचे हक्क ८०,०००. इंग्रजी सबटायटल २५,०००. हार्ड डिस्क २५,०००. थिएटरसाठीची डीसीपी प्रत, सेन्सॉर प्रमाणपत्र आणि महोत्सवांच्या फिया मिळून ५०,०००. सीए आणि किरकोळ ३०,०००. बेरीज ६,४०,०००. त्यावर दहा टक्के अडीअडचणीला. एकूण ७,०४,०००. हे आमचे आकडे. तुमचे दर तुमच्या माणसांना विचारून घाला.

या यादीत नवखे लोक हमखास विसरतात ते जुनं साहित्य. सामाजिक इतिहासाची फिल्म म्हणजे जुने फोटो, वर्तमानपत्रांची कात्रणं, कुठल्यातरी मोर्चाचं अर्ध्या मिनिटाचं फुटेज. छायाचित्रावर भारतात २०१२ च्या दुरुस्तीपासून छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट असतो. तो संपला तरी प्रत ज्या संस्थेकडे आहे ती स्कॅनिंगचे आणि वापराचे पैसे मागू शकते. सरकारी माहितीपट काढणारी फिल्म्स डिव्हिजन २०२२ मध्ये एनएफडीसीत, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली, त्यामुळे तिथल्या जुन्या फुटेजसाठी आता एनएफडीसीचं दार ठोठवावं लागतं. दर आधी विचारा, मग एडिटमध्ये ते फुटेज बसवा. आम्ही उलटं केलं. चाळीस सेकंदांच्या एका तुकड्याच्या प्रेमात पडलो आणि त्याची किंमत कळल्यावर तो आख्खा प्रसंग नव्याने बांधावा लागला.

दुसरं म्हणजे प्रमाणपत्र. सार्वजनिक प्रदर्शन करायचं तर सेन्सॉर बोर्डाचं प्रमाणपत्र लागतं, माहितीपट असला तरी. आमच्या पडद्यावर तर जिकडेतिकडे बिड्याच, म्हणजे तंबाखूविरोधी सूचनांचे नियम आलेच. सबंध आयुष्य बिड्या वळून खोकणाऱ्या बायकांच्या फिल्मला तंबाखूचे दुष्परिणाम सांगायला लागावेत, हा विनोद आम्हाला फार काळ पुरला. त्या सूचनांची जागा आणि खर्च कागदावर धरा.

दुसरी पायरी: तीन मिनिटं दाखवा

त्र्यंबकेश्वरात १८७० साली जन्मलेले दादासाहेब फाळके आपल्या मातीतले, पण आपण त्यांचं नाव चौकाला आणि स्मारकाला देऊन मोकळे झालो. त्यांनी पैसे कसे उभे केले, ते मात्र शिकलो नाही. चित्रपट काढायचा तर सावकाराला पटवायला हवं, आणि हलणारं चित्र म्हणजे काय हेच समोरच्याला ठाऊक नाही. फाळक्यांनी कुंडीत वाटाणा लावला, त्याचं रोप वाढताना दिवसेंदिवस थोडंथोडं चित्रित केलं आणि ते दाखवलं. बीज पडद्यावर मिनिटभरात वेल झालं. कर्ज मिळालं, सरस्वतीबाईंचे दागिने गहाण पडले ते वेगळंच. १९१३ साली राजा हरिश्चंद्र पडद्यावर आला.

म्हणजे पूर्ण होणाऱ्या गोष्टीचा पूर्ण झालेला लहानसा तुकडा दाखवायचा. आमचा पहिला ट्रेलर असा नव्हता. ड्रोनमधून दिसणारं सिन्नर, गोंदेश्वराचं देऊळ, घुमणारं संगीत, मोठ्या अक्षरांत दारिद्र्याबद्दल दोन वाक्यं. बघणारे "छान आहे" म्हणायचे आणि चहा मागवायचे.

दुसऱ्या वेळी सगळं काढून टाकलं. एकच शॉट ठेवला. ओसरीवर बसलेली बाई, मांडीवर सूप, सुपात ओलसर पानं. पत्र्याचा तुकडा पानावर ठेवून कात्रीने कापायचं, चिमूटभर तंबाखू, बोटांत एक वळसा, दोऱ्याचा फेर, टोक नखाने आत मोडायचं. हात थांबत नाहीत आणि ती बोलत राहते: छाट किती काढली, म्हणजे वळलेल्यातल्या किती बिड्या मुकादमाने नापास केल्या, बहात्तरच्या दुष्काळात सासूने काय सांगितलं, १९६६ साली बिडी कामगारांचा कायदा आला तेव्हा तिच्या आईच्या पुस्तकात हजेरी कशी लागायची. दोन मिनिटं पन्नास सेकंद. हा तुकडा पाहून एक निवृत्त मुख्याध्यापक म्हणाले, "पुढे काय होतं?" हा प्रश्न आला की पैसे मागायला हरकत नाही.

पण थांबा. फिल्ममध्ये दिसायला संमती देणं वेगळं आणि पैसे मागण्याच्या व्हिडिओत दिसायला संमती देणं वेगळं. मला हे सुचलंच नव्हतं. तुकडा त्यात दिसणाऱ्या मावशींना मोबाइलवर दाखवला, त्यांनी तो दोनदा पाहिला आणि विचारलं, "हे पैशे माझ्या नावानी मागताय का तुमच्या?"

मी चाचरलो. त्या रागावल्या नव्हत्या. त्यांना हिशेब कळायला हवा होता. उद्या गावात कोणी म्हणालं, तुझ्या नावावर सात लाख जमले, तुला काय मिळालं, तर त्यांनी काय सांगायचं? त्यानंतर आम्ही आवाहनाच्या पहिल्याच ओळीत लिहिलं की हे पैसे एडिटिंग, आवाज आणि हक्कांसाठी आहेत, फिल्ममधल्या कुटुंबांसाठी नाहीत. संमतीचा कागद वेगळा केला आणि वाचून दाखवून सही घेतली. कुटुंबांसाठी काही करायचं असेल तर तो निधी पूर्ण वेगळा ठेवा. एकाच डब्यात दोन्ही टाकलंत की दोन्हीकडून बोल लागतो.

तिसरी पायरी: पैसे येणार कुठे ते आधी ठरवा

माझी सगळ्यात महाग चूक इथली. उत्साहाच्या भरात मी माझ्याच बचत खात्याचा क्यूआर कोड व्हॉट्सॲपवर टाकला. दोन दिवसांत १,१८,००० रुपये. त्यात ५०१ च्या बत्तीस नोंदी. निम्म्यांची नावं धड कळेनात, आभार कोणाचे मानायचे? मार्चमध्ये सीएने कपाळाला हात लावला. नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात मिळून ५०,००० च्या वर भेट आली, तर आयकराच्या दृष्टीने ती सगळीच्या सगळी रक्कम तुमचं उत्पन्न धरली जाते. फक्त वरची नाही, सगळी.

म्हणून कोणाकडेही एक रुपया मागण्याआधी सीएकडे तासभर बसा. ढोबळमानाने दोन रस्ते आहेत.

पहिला, तुमची स्वतःची प्रोप्रायटरी (एकट्याच्या मालकीचा व्यवसाय), भागीदारी किंवा कंपनी. तिच्या चालू खात्यात पैसे व्यवसायाची जमा म्हणून येतात, खर्च वजा होतो. प्रायोजक किंवा आगाऊ प्रदर्शन विकत घेणारे यांच्यासाठी हे सरळ. देणगीदाराला करसवलत मात्र मिळत नाही.

दुसरा, ज्या नोंदणीकृत ट्रस्टकडे ८०जी, म्हणजे देणगीदाराला करसवलत मिळवून देणारी आयकराची मान्यता आहे आणि ज्याच्या उद्दिष्टांत शिक्षण, संस्कृती किंवा इतिहास बसतो, त्याच्यामार्फत. देणगी ट्रस्टला जाते, पावती ट्रस्ट देतो, खर्च ठरलेल्या कामावर होतो. रोख २,००० च्या वर असेल तर सवलत नाही, आणि नवी करप्रणाली घेतलेल्याला तर ती मुळातच नाही. त्यामुळे ८०जीचं आकर्षण पूर्वीसारखं राहिलेलं नाही. तरी "पावती आहे का?" असं विचारणाऱ्यापुढे ट्रस्टचं नाव वजनदार ठरतं. ट्रस्टशी लेखी करार करा आणि त्यात फिल्मचा कॉपीराइट कोणाकडे, हे सगळ्यात आधी लिहा. ओळखीतले लोक आहेत, कागद कशाला, असं म्हणू नका. ओळखीतल्यांशीच कागद हवा.

परदेशातला पैसा हे वेगळं प्रकरण. सांस्कृतिक-सामाजिक कामासाठी परदेशी स्रोताकडून देणगी घ्यायची तर एफसीआरएची (परदेशी योगदानाच्या कायद्याची) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. भारतीय पासपोर्ट असलेला तुमचा मित्र दुबईहून स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पैसे पाठवतो, ते परदेशी योगदान धरत नाहीत. पण अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेला कॉलेजचा मित्र, अगदी ओसीआय कार्डवाला (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मूळ भारतीयांना मिळतं ते) असला तरी, कायद्याने परदेशी स्रोत ठरतो. "अरे, तो तर आपला पंचवटीतला," हे कायद्याला कळत नाही. आणि एफसीआरए असलेल्या दुसऱ्या संस्थेने स्वतःच्या नावावर पैसे घेऊन पुढे आपल्या संस्थेला द्यावेत, ही युक्तीही २०२० च्या दुरुस्तीपासून बंद आहे.

चौथी पायरी: मागायचं कोणाला, कधी आणि कसं

लोकवर्गणीतून सिनेमा म्हटलं की सगळे १९७६ च्या मंथनचा दाखला देतात. गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी दोन-दोन रुपये दिले, दहा लाख झाले. खरंच आहे ते. पण तिथे गावोगाव पोचलेलं सहकारी संघाचं जाळं आधीपासून होतं. तुमच्यामागे तसं जाळं नसेल तर दोन रुपयांच्या मागे धावू नका, दमून जाल. सात लाख जमवायला आम्हाला १६३ माणसं लागली, आणि त्यातली पहिली पंचवीस मी नावानिशी लिहून काढली होती.

क्राउडफंडिंगच्या साइटवर नुसतं पान टाकून अनोळखी लोक पैसे देतील ही आशाही सोडा. मिलाप, केटो अशा ठिकाणी तुमची फिल्म कोणाच्यातरी ऑपरेशनच्या शेजारी दिसते. तिथे तिने जिंकू नये, हेच बरं. पान हवं ते ओळखीच्या माणसाला पैसे भरायला सोय म्हणून.

मग ही पंचवीस माणसं कोण? आमच्या अनुभवात श्रीमंत नातेवाईक नव्हेत. विषयाशी ज्यांची नाळ आहे ते: बिड्या वळून ज्यांच्या आईने शिकवलं असे शिक्षक, बँकेतून निवृत्त झालेले, युनियनमध्ये काम केलेले, वकील. एका लिपिकाने ११,००० दिले. म्हणाला, "आईचा फोटो लावा म्हणत नाही. ते सूप नीट दाखवा." प्रत्येक विषयाची अशी माणसं असतात. नोटांच्या प्रेसच्या कामगारांवर फिल्म असेल तर नाशिकरोडला जा, पैठणीवर असेल तर येवल्याला.

आपल्याकडे गणेश मंडळाची वर्गणी मागायचं शास्त्र घराघरात आहे, तेच इथे वापरा. एकट्याने जाऊ नका, दोघं जा. सोबत समोरच्याच्या ओळखीचा एक जण असू द्या. पावतीपुस्तकात पहिली पावती मोठी हवी; पाचशे आधी दिसले तर पुढचाही पाचशेच देतो. आकडा मोघम ठेवू नका. "एका दिवसाचं एडिटिंग पाच हजार. एक दिवस तुमचा?" हे वाक्य आम्हाला सगळ्यात फळलं. तीसपैकी एकोणीस दिवस असे विकले गेले. साउंड मिक्सिंग एकानेही घेतलं नाही, त्यामुळे पुढे तेही मिनिटांत तोडलं: फिल्म सत्तर मिनिटांची, मिनिटाचा आवाज १,५७० रुपये. मग लोक हसत हसत दोन-दोन मिनिटं घ्यायला लागले.

वेळही बघा. दिंडोरी-निफाडच्या बागायतदाराकडे द्राक्षं निघायच्या आधी जाऊ नका. माल गेल्यावर, एप्रिलच्या आसपास जा, आणि त्या वर्षी गारपीट झाली असेल तर जाऊच नका. नोकरदाराकडे दिवाळीच्या तोंडावर नको. गणेशोत्सवात तुमच्यापेक्षा जोरदार वर्गणीवाले दारात असतात. सातपूर-अंबडच्या कारखानदारांना आर्थिक वर्ष संपायच्या आधी भेटा. २०२७ चा सिंहस्थ जवळ येईल तसे शहरातले सगळेच प्रायोजक त्या कामाला लागतील, हेही धरून चाला.

आणि एक बंद खोलीतलं प्रदर्शन ठेवा. निमंत्रितांसाठी, तिकीट नाही. चाळीस खुर्च्यांचं सभागृह भरलेलं बरं; कालिदास कलामंदिरात पहिल्या तीन रांगांत बसलेली चाळीस माणसं अनाथ दिसतात. वाचनालयं, स्मारकं, महाविद्यालयं यांच्या छोट्या सभागृहांचे दर विचारा. बावीस मिनिटं दाखवा, अडीच तास नव्हे. पावतीपुस्तक दारात ठेवू नका, आत येणारा अवघडतो. फिल्म संपल्यावर दिवे लागू द्या, दोन मिनिटं कोणी काही बोलू नका, मग उरलेल्या कामाचा तो कागद पडद्यावर लावा.

बदल्यात काय द्यायचं? श्रेयनामावलीत नाव आणि पहिल्या खेळाचं निमंत्रण, बास. आम्ही साठ पोस्टर्स कबूल केली होती. ती छापायला, नळकांड्यांत भरायला आणि पोस्टाने पाठवायला जो वेळ गेला त्यात एक प्रसंग कापून झाला असता.

पाचवी पायरी: संस्था आणि अर्ज

अर्जांचं काम संथ असतं, म्हणून ते वर्गणीच्या जोडीने सुरू ठेवा, तिच्याऐवजी नको. बंगळूरची इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स भारतीय भाषांतले अर्ज घेते. कोलकात्याचं डॉकएज हे माहितीपटांसाठीचं पिचिंगचं, म्हणजे पैसे देऊ शकणाऱ्यांपुढे आपली फिल्म मांडायचं ठिकाण. पैसे मिळोत न मिळोत, तिथे सात मिनिटांत गोष्ट सांगायला शिकता. गोव्यात नोव्हेंबरमध्ये इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या जोडीने फिल्म बाजार (आता वेव्हज फिल्म बाजार) भरतो. बाहेरचे म्हणाल तर आम्सटरडॅमच्या इडफा महोत्सवाचा बर्था फंड आणि बुसानचा एशियन सिनेमा फंड आशियातल्या माहितीपटांना मदत करतात. तिथे अर्ज करण्याआधी पैसे कायदेशीरपणे घेता येतील का, हे सीएला विचारून घ्या. नाहीतर अनुदान जाहीर होतं आणि हातात काही पडत नाही.

सीएसआर, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामावर करायचा खर्च, ऐकायला मोठं वाटतं. ठरावीक आकाराच्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या दोन टक्के खर्च करावे लागतात, आणि यादीत कला-संस्कृती-वारसा आहे. पण पैसे सहसा नोंदणीकृत संस्थेमार्फतच जातात, त्या संस्थेला सीएसआर-१ क्रमांक लागतो, आणि व्यक्तीच्या नावाने अर्ज केला तर पहिल्या टेबलापुढे जात नाही. त्यातून मजुरीचा इतिहास सांगणारी फिल्म म्हटल्यावर कंपन्यांचे अधिकारी जरा सावरून बसतात.

सहावी पायरी: कुठले पैसे घ्यायचे नाहीत

एका कारखानदाराने दोन लाख देऊ केले. अट एवढीच, की मजुरीच्या दराबद्दलची सात मिनिटं "थोडी सौम्य" करायची. तिथे नाही म्हणणं सोपं होतं. अवघड गेलं ते आपल्याच बाजूच्या माणसाला नाही म्हणणं. चळवळीतल्या एका जुन्या कार्यकर्त्याने पन्नास हजार गोळा करून आणले आणि भिडेखातर सुचवलं, की त्यांच्या दिवंगत नेत्याची मुलाखत चार मिनिटांवरून बारावर न्यावी. माणूस भला, नेता खरोखर मोठा, आणि कटात बारा मिनिटं बसत नव्हती. मी आठवडाभर झोपलो नाही. शेवटी पूर्ण मुलाखत वेगळी जपून युनियनच्या ताब्यात द्यायचं कबूल केलं, फिल्ममध्ये चारच ठेवली. त्यांनी वीस हजार परत नेले, तीस ठेवले. आजही चहाला बोलावतात.

तेव्हापासून पावतीच्या मागे एक ओळ छापतो: देणगीदाराला फिल्मच्या आशयात बदल सुचवण्याचा हक्क राहणार नाही. ही ओळ पैसे घेण्याआधी दाखवा. नंतर दाखवली की ती उद्धटपणा वाटते.

सातवी पायरी: हिशेब लावा

मंडळ जसं मांडवाबाहेर फळा लावतं, तसं दर महिन्याच्या पाच तारखेला देणाऱ्यांना एक संदेश पाठवायचा: जमा किती, खर्च किती, काम कुठवर आलं. काम सरकलं नसेल तर तेही लिहा. "या महिन्यात एडिटर आजारी होती, काही झालं नाही" असा संदेश गेला तेव्हा दोघांनी तब्येतीची चौकशी केली आणि एकाने न मागता आणखी २,००० पाठवले. गप्प बसलेल्या महिन्यात मात्र तीन फोन येतात, आणि त्यांचा सूर वेगळा असतो.

पहिला खेळ सिन्नरला लावा, नाशिकला नंतर. आम्ही तो दुपारी ठेवला, कारण संध्याकाळी बायकांना स्वयंपाक असतो आणि सकाळी बिड्या पोचवायच्या असतात. मावशी नातीला घेऊन पुढच्या रांगेत बसल्या. फिल्म संपल्यावर त्यांनी श्रेयनामावली नातीकडून मोठ्याने वाचून घेतली, सगळी १६३ नावं, आणि मग माझ्याकडे वळून विचारलं, किती उरले.

५,८६० रुपये उरले होते. त्यातून आणखी एक हार्ड डिस्क घेतली, सगळं फुटेज तिच्यावर उतरवलं आणि ती माझ्या घरी न ठेवता एडिटरच्या घरी ठेवली.